वाचक विचारतात: पॉलिटोपियात स्टार कुठे घालायचे?

‘द बॅटल ऑफ पॉलिटोपिया’ या टर्न-बेस्ड गेमबद्दल खान्देशातून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. जवळजवळ सगळे प्रश्न ‘परफेक्शन’ मोडचे आहेत. या मोडमध्ये ३० टर्न असतात आणि शेवटी ज्याचा स्कोअर जास्त तो जिंकतो. स्टार म्हणजे या गेममधलं चलन. गेमच्या अपडेटमध्ये अधूनमधून काही किमती बदलतात, म्हणून खर्च करण्याआधी बटणावरची किंमत पाहून घ्यावी. हिशेबाची रीत मात्र तीच राहते.

प्रश्न : मी इम्पेरियस ही टोळी घेऊन खेळतो. दहाव्या टर्नला माझ्याकडे चार शहरं असतात, पण उत्पन्न टर्नला फक्त ५ स्टार. प्रत्येक शहरात काही ना काही बांधतो, तरी गाडी पुढे सरकत नाही. आते काय करानं?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, ‘प्रत्येक शहरात काही ना काही’ हेच तुम्हाला नडतंय. शहराचं उत्पन्न लोकसंख्येवर ठरत नाही, लेव्हलवर ठरतं. पहिल्या लेव्हलचं शहर टर्नला १ स्टार देतं, दुसऱ्या लेव्हलचं २, आणि राजधानीला १ जादा. तुमची चारही शहरं पहिल्याच लेव्हलवर आहेत, म्हणून ४ अधिक १ असे ५. लेव्हल वाढवायची तर ठरलेली लोकसंख्या पुरी भरावी लागते: पहिलीवरून दुसरीवर जायला २, दुसरीवरून तिसरीवर ३, तिसरीवरून चौथीवर ४, याच चढत्या क्रमाने पुढे. शहराखालची पट्टी अर्धी भरलेली असेल तर तिचा उत्पन्नाला शून्य उपयोग.

आता तुमचाच डाव घ्या. फळ तोडायला २ स्टार लागतात आणि १ लोकसंख्या मिळते. तुम्ही चार शहरांत एकेक फळ तोडलं. खर्च ८ स्टार, उत्पन्न जिथल्या तिथे ५, स्कोअरमध्ये भर २० पॉइंटची. तेच ८ स्टार दोनच शहरांत, दोन-दोन फळांवर घातले असते तर दोन्ही शहरं दुसऱ्या लेव्हलवर गेली असती. लेव्हलचा १ आणि तिथे बक्षीस म्हणून घेतलेल्या वर्कशॉपचा १ धरून प्रत्येक शहराचं उत्पन्न २ ने वाढलं असतं. म्हणजे टर्नला ५ ऐवजी ९ स्टार. घातलेले ८ स्टार दोन टर्नांत वसूल, आणि उरलेले सगळे टर्न निव्वळ फायद्याचे. स्कोअरही १०० ने वाढला असता, कारण लोकसंख्येचे पॉइंट धरून प्रत्येक नव्या लेव्हलला ५० मिळतात.

तिसरी लेव्हल तर याहून स्वस्त पडते. ३ लोकसंख्येला ६ स्टार जातात आणि बक्षिसात ५ स्टार रोख परत येतात. १ स्टार खर्चून उत्पन्न कायमचं १ ने वाढतं. तिथे भिंतीचा पर्यायही असतो, पण शत्रू वेशीवर आलेला नसेल तर भिंत घेऊ नका. दुसऱ्या लेव्हलच्या बक्षिसातला एक्सप्लोरर (आसपासचा नकाशा उघडून दाखवणारा) आम्ही एकाच वेळी घेतो: पहिल्या एक-दोन टर्नांत राजधानी दुसऱ्या लेव्हलवर गेली आणि आसपास एकही गाव दिसत नसेल तेव्हा. त्यानंतर डोळे झाकून वर्कशॉप.

थोडक्यात, एक शहर धरायचं, त्याची पट्टी पुरी भरायची आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. टर्नच्या शेवटी स्टार उरले आणि कुठलीच लेव्हल पुरी होत नसेल, तर ते खिशातच ठेवा.

प्रश्न : प्रत्येक गाव घेतल्यावर टेक (तंत्रज्ञान) महाग होतं. मग आधी टेक घ्यायचं की गाव?
— एक विद्यार्थिनी, शिरपूर

उत्तर : गाव. पण एक बारकावा सांभाळून.

टेकची किंमत अशी ठरते: टेकची पायरी (१, २ किंवा ३) गुणिले तुमची शहरं, अधिक ४. एक शहर असताना तीन पायऱ्यांच्या किमती ५, ६ आणि ७. चार शहरं झाली की ८, १२, १६. आठ शहरांना १२, २०, २८. महागाईचा मार सगळ्यात जास्त तिसऱ्या पायरीला बसतो, कारण तिथे दर शहरामागे ३ स्टार वाढतात.

तरीही गाव सोडू नये. रिकामं गाव घेतलं की शहराचे १०० पॉइंट आणि आजूबाजूच्या मोकळ्या हद्दीच्या नऊ चौकटींचे प्रत्येकी २० प्रमाणे १८०, असे २८० पॉइंट एकदम जमा होतात. शिवाय टर्नला १ स्टार सुरू होतो. टेक स्वस्त ठेवण्यासाठी गावाबाहेर थांबणं म्हणजे रुपया वाचवायला दहा घालवणं.

बारकावा असा. सैनिक गावावर पोचला की त्याच टर्नला गाव घेता येत नाही, पुढच्या टर्नला घेता येतं. त्या टर्नच्या सुरुवातीला काही टेक घ्यायचंच असेल तर आधी टेक विकत घ्या आणि मग गाव काबीज करण्याचं बटण दाबा. क्रम उलटा झाला तर त्याच टेकला पायरीप्रमाणे १, २ किंवा ३ स्टार जास्त मोजावे लागतात. एका टर्नला दोन गावं येत असतील तर तिसऱ्या पायरीवर ६ स्टारचा फरक पडतो. सुरुवातीच्या टर्नांत ६ स्टार म्हणजे तीन फळं.

फिलॉसॉफीबद्दलही तुम्ही पत्रात विचारलं आहे. त्या टेकने बाकीची सगळी टेक ३३ टक्क्यांनी स्वस्त होतात. तिथवर जायला क्लाइंबिंग, मेडिटेशन आणि फिलॉसॉफी अशा तीन पायऱ्या चढाव्या लागतात. चार शहरं असताना त्यांचा खर्च ८ अधिक १२ अधिक १६, म्हणजे ३६ स्टार. हे पैसे फक्त सवलतीतून फिटायला पुढे मूळ किमतीची साधारण १०८ स्टारची टेक घ्यावी लागतात. मधल्या टर्नांत घेतली तर ती सहज होतात. विसाव्या टर्ननंतर, हातात मोजकीच टेक घ्यायची राहिली असतील तर होत नाहीत. पण या तीन टेकचे स्वतःचे ६०० पॉइंट आहेत (पायरीगणिक १००, २००, ३००), तेव्हा उशिरा घेतली म्हणून पैसे पाण्यात गेले असंही नाही. शिन-शी ही टोळी घेऊन खेळणाऱ्याला क्लाइंबिंग सुरुवातीलाच मिळालेलं असतं. त्याने ही वाट लवकर धरावी.

प्रश्न : मी भरपूर सैन्य ठेवतो, शेजारी माझ्या वाटेला जात नाही. तरी स्कोअर का कमी?
— एक वाचक, धुळे

उत्तर : सैन्याचे पॉइंट त्याच्या किमतीवर मिळतात, एका स्टारला ५. वॉरियर २ स्टारचा, त्याचे १०. नाइट ८ स्टारचा, त्याचे ४०. सैनिक मेला की तेही गेले. स्टारमागे यापेक्षा कमी पॉइंट देणारी जागा गेममध्ये जवळजवळ नाही.

सैनिक उभा राहून कमावत नाही, चालून कमावतो. नवी दिसलेली प्रत्येक चौकट ५ पॉइंट देते. वॉरियरला चहूबाजूंनी एक-एक चौकट दिसते. तो सरळ पुढे सरकला तर तीन नव्या चौकटी उघडतात, तिरका सरकला तर पाच. न दिसलेल्या भागावरच्या ढगांच्या कडेने सरळ चालल्यास टर्नला १५ पॉइंट, तिरकं चालल्यास २५, आणि तेही फुकट. क्लाइंबिंग असेल तर डोंगरावर चढा, तिथून दोन चौकटींपर्यंतचं दिसतं. पडक्या अवशेषांच्या चौकटी दिसल्या तर तिथेही गावासारखाच एक टर्न थांबून ताबा घ्या. कधी स्टार, कधी लोकसंख्या, कधी एखादं टेक हाती लागतं.

शहरात पहारा मात्र हवाच. शत्रू शहरात येऊन बसला की ताबा घेण्याआधीच त्या शहराचे स्टार बंद होतात.

प्रश्न : चौथ्या लेव्हलला हद्द वाढवायची की लोकसंख्या घ्यायची? आणि पाचव्याला पार्क की जायंट (महाकाय सैनिक)?
— दोन मित्र, शहादा

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. परफेक्शनमध्ये पार्कच घ्या. पार्कचे २५० पॉइंट आहेत, जायंटचे ५०. शहर हातचं जायची वेळ आली असेल तरच जायंट.

पहिल्या प्रश्नाला मात्र नकाशा बघावा लागतो. हद्द वाढवली की तीन बाय तीनची पाच बाय पाच होते. सगळ्या चौकटी मोकळ्या मिळाल्या तर १६ गुणिले २०, म्हणजे ३२० पॉइंट. पण शेजारचं शहर जवळ असेल किंवा नकाशाची कड आली तर त्यातल्या निम्म्याही मिळत नाहीत. लोकसंख्या घेतली तर थेट पॉइंट १५ च, पण पाचव्या लेव्हलला लागणाऱ्या ५ पैकी ३ जागीच भरल्या. मग दोन फळं, ४ स्टार, आणि पार्क तुमचा. आमचा शिरस्ता असा: नव्या दहा चौकटी तरी मिळत असतील किंवा शहरातली फळं, शिकार, जमीन संपली असेल तर हद्द. नाहीतर लोकसंख्या.

या गेममधला सगळ्यात भारी व्यवहार याच्या पुढे आहे आणि बरेच जण तिथवर जातच नाहीत. पार्क फक्त पाचव्या लेव्हलला मिळत नाही. सहाव्याला पुन्हा मिळतो, सातव्याला पुन्हा. म्हणजे पाचवीनंतरची प्रत्येक लेव्हल ५० अधिक २५० अशी ३०० पॉइंटची. सहाव्या लेव्हलला ६ लोकसंख्या लागते. आता अशी जागा शोधा जिथे एका रिकाम्या चौकटीला तीन खाणी लागून असतील. तिथे फोर्ज उभारायला ५ स्टार लागतात आणि लागून असलेल्या प्रत्येक खाणीमागे तो २ लोकसंख्या देतो, म्हणजे तीन खाणींच्या ६. पाच स्टारमध्ये अख्खी लेव्हल. विंडमिल आणि सॉमिलही ५ स्टारचीच, पण त्यांना शेजारच्या प्रत्येक शेतामागे किंवा लाकूडतोडीच्या झोपडीमागे १ च मिळते. या तिन्ही इमारती एका शहरात प्रत्येकी एकदाच बांधता येतात.

इथे लोक चुकतात ते असं: खाण ५ स्टारची आणि २ लोकसंख्येची, शेतही तसंच, झोपडी ३ स्टारची आणि १ ची. ती आधी मन मानेल तशी बांधली जातात आणि मग लक्षात येतं की सगळ्यांच्या मधोमध असलेल्या एकुलत्या एक रिकाम्या चौकटीवर दुसरीच इमारत उभी आहे. पहिली खाण खोदण्याआधी फोर्जची चौकट नक्की करा आणि ती मोकळी ठेवा.

प्रश्न : स्मारकं कुठे बांधावीत? रस्ते करावेत का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : स्मारकाला एकही स्टार लागत नाही. ४०० पॉइंट आणि ३ लोकसंख्या मिळते. म्हणून स्मारकासाठी ठरवून दिलेलं काम पुरं झाल्या झाल्या घाईने राजधानीत ठोकू नका. ज्या शहराला पुढच्या लेव्हलला नेमकी ३ च कमी आहे तिथे बांधा. ते शहर चौथीवरून पाचवीवर जात असेल तर पार्कही मिळतो आणि एका बटणात ७०० च्या आसपास जमा होतात.

शांततेचं स्मारक आधी पदरात पाडून घ्या: मेडिटेशन घेतल्यावर सलग पाच टर्न कुणावर हल्ला करायचा नाही. दहा शत्रू मारण्याचं त्यानंतर. दोन्ही एकदम धरली तर पहिलं लांबतच जातं.

रस्त्याच्या चौकटीला ३ स्टार. शहर राजधानीला जोडलं की त्या शहराला १ आणि राजधानीलाही १ लोकसंख्या मिळते. मध्ये दोन चौकटी असतील तर ६ स्टारमध्ये २, हे परवडतं. चार चौकटी असतील तर सोडा, अपवाद एकच: पाच शहरं जोडून होणाऱ्या ग्रँड बाजार या स्मारकाला एकच शहर कमी पडत असेल तर.

प्रश्न : भुसावळहून सुरतेकडे जाताना गाडीत नेट जातं. डाव बुडेल का?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : कॉम्प्युटरविरुद्ध खेळत असाल तर नाही, त्याला नेट लागत नाही. मल्टिप्लेअरला लागतं.

प्रश्न : २६ व्या टर्नला हातात ३०-४० स्टार असतात. देवळं बांधून टाकतो. बरोबर ना?
— एक वाचक, रावेर

उत्तर : नाही दादा. देऊळ २० स्टारचं. बांधल्यावर १०० पॉइंट, मग दर तीन टर्नांनी ५०, पाचव्या लेव्हलला एकूण ३००. पुरं वाढायला १२ टर्न लागतात, म्हणजे ते १७-१८ व्या टर्नच्या आत उभं राहिलं पाहिजे. तेव्हा एका स्टारला १५ पॉइंट पडतात. २६ व्या टर्नला बांधलेलं देऊळ एकदाच वाढतं, स्टारला साडेसात. केळीची काढणी तोंडावर आली असताना खताचा डोस टाकण्यासारखं ते आहे.

शेवटच्या चार टर्नांत आधी अर्धवट पट्ट्या बघा. पाचव्या किंवा वरच्या लेव्हलला थोडं कमी असलेलं शहर पहिलं. नंतर छोटी शहरं. पहिलीवरून दुसरीवर न्यायला ४ स्टार लागतात आणि ५० पॉइंट मिळतात, म्हणजे स्टारला साडेबारा. त्यानंतर टेक. आठ शहरांना तिसऱ्या पायरीचं टेक २८ स्टारला ३०० पॉइंट देतं, फिलॉसॉफी असेल तर तेच सुमारे १९ स्टारला पडतं. पहिल्या पायरीचं टेक स्वस्त दिसतं, पण १२ स्टारला १०० च. ही यादी संपल्यावरच देऊळ, आणि २-४ स्टार उरले तर वॉरियर.

तिसाव्या टर्नला फॉरेस्ट्री हे टेक असेल तर ज्या जंगलावर झोपडी नाही ते तोडा, चौकटीमागे १ स्टार हातात येतो. एखाद्या टेकला दोन-तीन स्टार कमी पडत असतील तर तेवढ्यावर निभावतं. ‘एंड टर्न’ दाबण्याआधी वरचा स्टारचा आकडा एकदा वाचा. तिथे उरलेल्या स्टारना एकही पॉइंट मिळत नाही.