'सेट ॲन एक्झाम्पल' की 'मेक ॲन एक्झाम्पल'?

प्रश्न असा आहे: निवृत्त होणाऱ्या शिक्षिकेबद्दल इंग्रजीत दोन शब्द लिहायचे आहेत. 'बाईंनी स्वतःच्या वागण्यातून आमच्यापुढे आदर्श ठेवला' यासाठी 'शी मेड ॲन एक्झाम्पल ऑफ अस' चालेल का?

मुळीच नाही! त्याचा अर्थ होईल, बाकीच्यांना जरब बसावी म्हणून बाईंनी आम्हाला शिक्षा केली. तुम्हाला हवे आहे ते 'शी सेट ॲन एक्झाम्पल फॉर अस'. 'फॉर'ऐवजी 'टु'ही चालते.

लक्षात ठेवायला आपली मराठीच मदतीला येते. 'धडा घालून देणे' आणि 'धडा शिकवणे' यांत धडा तोच, पण पहिल्यात वडीलधारी माणसे दिसतात आणि दुसऱ्यात उगारलेला हात. 'सेट' आणि 'मेक' यांचे अगदी तसेच आहे. 'मेक'बरोबरच्या 'ऑफ'नंतर ज्याचे नाव येते, त्याच्यावर शिक्षेची पाळी आलेली असते. मिनॉर्का बेट वाचवण्यासाठी शर्थ केली नाही, या ठपक्यावरून ॲडमिरल बिंगला 1757 मध्ये ब्रिटिश नौदलाने गोळ्या घातल्या; त्याच्याबाबतीत 'ही वॉज मेड ॲन एक्झाम्पल ऑफ' हे चपखल बसते. शेवटचा 'ऑफ' गाळू नका, त्याच्यावरच सगळा अर्थ तोललेला आहे.

'एक्झेम्प्लरी' या विशेषणातही हे दोन्ही अर्थ नांदतात. 'एक्झेम्प्लरी कंडक्ट' म्हणजे आदर्श वर्तन, तर 'एक्झेम्प्लरी पनिशमेंट' म्हणजे इतरांना वचक बसेल अशी शिक्षा. तिला 'आदर्श शिक्षा' म्हटलेले वाचले की मला फार खटकते.

घालून दिलेला धडा जो घेतो, त्याच्यासाठी 'फॉलो समवन्स एक्झाम्पल'. मराठीत याला 'कित्ता गिरवणे' इतका सुंदर वाक्प्रचार आहे की दुसरे काही शोधूच नये: वर वळणदार अक्षर, खाली ते गिरवणारा हात. मात्र 'सेट'बरोबर 'बॅड'ही येऊ शकतो. मुलांदेखत खोटे बोलणारा बाप 'सेट्स अ बॅड एक्झाम्पल'. तिथे 'वाईट आदर्श' लिहू नये, कारण आदर्श वाईट नसतोच. 'मुलांना भलते वळण लावतो' म्हणावे.

'लीड बाय एक्झाम्पल' म्हणजे आधी स्वतः करून दाखवणे. त्यात 'ॲन' येत नाही. आणि 'गिव्ह ॲन एक्झाम्पल' हे सहसा व्याकरणातले किंवा गणितातले उदाहरण देण्यापुरतेच ठेवा.