बॉस्टनला मुलाला घेऊन येताय तर

ताई, तुम्ही विचारलंय की मिस्टरांची बदली बॉस्टनला होतेय, मुलगा १७ चा, बौद्धिक अक्षमता आहे, कोथरूडहून रोज शाळेच्या कार्यशाळेत जाऊन पणत्या रंगवतो, तर तिकडे त्याच्यासाठी कॉलेज वगैरे खरंच असतं का. असतं. पण सगळं गाडं वय आणि व्हिसावर अडतं.

आधी शाळा. मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी शाळेत २२ पूर्ण होईपर्यंत फुकट शिकायचा त्याला हक्क आहे, आणि तिथे व्हिसा कुठला हे बघत नाहीत. आल्या आल्या नाव घाला आणि स्पेशल एज्युकेशनचं इव्हॅल्युएशन लेखी मागा. फक्त शाळेने रेग्युलर डिप्लोमा दिला की हा हक्क संपतो, त्यामुळे घाईने डिप्लोमा घेऊ नका.

कॉलेजची वाटही शाळेतूनच जाते. शाळा आणि सरकारी कॉलेजं मिळून एक योजना चालवतात, त्यात १८ ते २२ ची मुलं शाळेच्या पटावर राहूनच कॉलेजात बाकीच्यांबरोबर बसतात. माझी लेक बंकर हिल कम्युनिटी कॉलेजला जायची, ऑरेंज लाईनने, सुरुवातीला प्रवास शिकवणारा कोच सोबत असायचा, मग तो दोन सीट मागे बसायला लागला, मग नुसता स्टेशनवर भेटायला लागला आणि ती एकटी गेटातून बाहेर यायची. मला विचाराल तर वर्गापेक्षा हे शिक्षण मोठं. त्यामुळे आयईपीच्या, म्हणजे शाळा मुलासाठी करते त्या लेखी शिक्षण आराखड्याच्या मीटिंगमध्ये कॉलेज आणि प्रवास दोन्ही लिहूनच घ्या, तोंडी आश्वासनावर राहू नका.

आता व्होकेशनल रिहॅब, म्हणजे नोकरीसाठी मदत करणारं राज्याचं खातं, इथे मासअ‍ॅबिलिटी म्हणतात. २०१४ च्या कायद्याने प्रत्येक राज्याला यासाठीच्या केंद्राच्या पैशातले निदान १५ टक्के विद्यार्थ्यांच्या नोकरीपूर्व तयारीसाठी ठेवावे लागतात, मुलाखतीचा सराव, कामाच्या जागी अनुभव असं सगळं. पण शेवटी हे नोकरीचं खातं आहे आणि एच-४ वरच्या, म्हणजे एच-१बीवाल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावरच्या मुलाला पगारी काम करता येत नाही, तिथे गाडी अडते. पेल ग्रँट, म्हणजे कॉलेजसाठी केंद्र सरकार देतं ती मदत, तिचंही तसंच, २००८ च्या कायद्यामुळे मान्यताप्राप्त प्रोग्राममधल्या अशा मुलांना डिप्लोमा नसला तरी ती मिळू शकते, पण नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांना, नुसत्या एच-४ वर नाही.

आणि २१ पूर्ण झाले की आईबाबांवर अवलंबून असलेला व्हिसा संपतो, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम चार वर्षं. म्हणून ग्रीन कार्डचं कंपनीशी निघायच्या आधी बोला, इथल्या वकिलालाही विचारा. भारतीयांची रांग लांब आहे, तेव्हा पुण्यातली दारं बंद करून येऊ नका, यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, चालू ठेवा, ससूनचं दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट जपा, कार्यशाळेतल्या बाईंशी संबंध ठेवा.

येताना शाळेचे रिपोर्ट, आयक्यू टेस्ट, लसीकरणाचे कागद आणाच, आणि तो पणत्या रंगवतानाचा व्हिडिओही, कारण नुसता आयक्यूचा आकडा बघून इथेही लोक पोराला कमी लेखतात. व्हिसा एच-४ आहे का एल-२ (कंपनीने आपल्याच इथल्या ऑफिसात बदली केलेल्याच्या कुटुंबाचा) ते कळवा, मग पुढचं सांगते.