परतीची वाट

साखळी, गोवा

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

रविवारी निघताना अंगणात छत्री उघडता उघडता तू विचारलंस, "काका, क्लाउड नेटवर्किंगची ती परीक्षा मला झेपेल?" मी "झेपेल गो" म्हटलं खरं, पण एवढ्या मोठ्या प्रश्नाला एक शब्द देऊन तुला पावसात पाठवली, हे मनाला लागून राहिलं. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी व्यवहाराचं. तू म्हणतेस ती एडब्ल्यूएसची, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या भाड्यानं मिळणाऱ्या क्लाउडची, अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्किंग स्पेशालिटी. ६५ प्रश्न, १७० मिनिटं, १००० पैकी ७५० ला पास. ६५ मधले १५ प्रश्न गुणांत धरत नाहीत, पण ते कुठले हे सांगत नाहीत, तेव्हा सगळेच मनापासून सोडव. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही कोरा ठेवायचा नाही. फी ३०० डॉलर, वर कर. नापास झालं तर १४ दिवस थांबून पुन्हा बसता येतं, पण फी पुन्हा पूर्ण भरावी लागते. तुझ्या पगारातून ती जाणार आहे, म्हणूनच तारीख आधी ठरवून मग अभ्यास करू नको. अभ्यास अंगात मुरला की तारीख घे.

आणखी एक, जे मला कोणी वेळेवर सांगितलं नाही. परीक्षा इंग्रजीतून द्यायची आणि आपली मातृभाषा इंग्रजी नसेल, तर ३० मिनिटं जादा मिळतात. पण ती सवलत आपल्या सर्टिफिकेशन खात्यातून आधी मागून घ्यायची आणि मगच स्लॉट बुक करायचा. ही दया नव्हे, आपला हक्क आहे. तू डिचोलीच्या मराठी शाळेतून आलीस, मी साखळीच्या. सात-आठ ओळींचा प्रश्न आणि दोन-दोन ओळींचे चार पर्याय इंग्रजीत वाचायला आपल्याला दोन श्वास जास्त लागतात. ते दोन श्वास घे.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या खेपेला मी नापास झालो होतो. अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे. चार महिने रोज पहाटे बसत होतो. सर्व्हिसची नावं, मर्यादा, आकडे, सगळं पाठ होतं. प्रश्न मात्र यायचा तो असा, की दोन पर्याय बरोबरच वाटायचे, आणि कुठला खोडायचा हे पाठांतर सांगत नव्हतं.

ते मला नंतर एका कामावर समजलं. एका कारखान्याची सिस्टिम आम्ही क्लाउडवर नेली होती. अ‍ॅप्लिकेशनची मशीनं एका व्हीपीसीत (क्लाउडमधलं आपलं खाजगी कुंपण), डेटाबेस दुसऱ्या व्हीपीसीत, मधे त्यांना जोडणारा ट्रान्झिट गेटवे, आणि येणारं-जाणारं सगळं तपासायला एक वेगळी व्हीपीसी, तिच्यात दोन झोनमध्ये, म्हणजे दोन वेगळ्या डेटासेंटरच्या गटांत, दोन फायरवॉल. शनिवारी रात्री बदल केला आणि जवळजवळ अर्धी कनेक्शनं लटकू लागली. काही लागत, काही नाही. राउट टेबल, म्हणजे वाटांचे तक्ते, दहा वेळा वाचले, एकही ओळ चुकलेली नव्हती. शेवटी दोन्ही फायरवॉलवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, दाखवणारं साधन) लावून दोन खिडक्या शेजारी-शेजारी ठेवल्या. डावीकडच्या खिडकीत सिन पॅकेट (कनेक्शन मागणारं पहिलं) गेलेलं दिसलं, पुढे काहीच नाही. उजवीकडे सिन-अ‍ॅक (त्याचं उत्तर) येऊन उभं, आणि त्याच्या आधीचं सिन तिथे कधी आलेलंच नाही. जाताना पॅकेट एका फायरवॉलमधून गेलं, परतताना दुसरीच्या दारात आलं, आणि दुसरीनं ते टाकून दिलं.

तेव्हा मला आपले घाट आठवले. बेळगावला जायला आपल्याला चोर्ला आहे, तसा अनमोडही आहे. समज, एक ट्रक केरीच्या नाक्यावर नोंद करून चोर्ल्यातून वर गेला आणि येताना अनमोडातून खाली उतरला. मोलेच्या नाक्यावरचा माणूस आपली वही उघडतो, तर हा ट्रक बाहेर गेल्याची नोंदच त्या वहीत नाही. दोन्ही रस्ते चांगले, दोन्ही नाके चोख, तरी ट्रक अडकला. स्टेटफुल फायरवॉल म्हणजे ही वही. ट्रान्झिट गेटवे साधारणपणे पॅकेट ज्या झोनमधून आलं त्याच झोनमध्ये पुढे पाठवतो. उत्तर देणारं मशीन दुसऱ्या झोनमध्ये असेल, तर उत्तर दुसऱ्या झोनच्या फायरवॉलकडे जातं. उपाय एका खुणेचा होता: तपासणीच्या व्हीपीसीच्या अटॅचमेंटवर, म्हणजे गेटवेशी असलेल्या तिच्या जोडणीवर, अप्लायन्स मोड चालू करायचा, म्हणजे एका कनेक्शनची दोन्ही दिशांची पॅकेटं एकाच झोनमधून जातात. ती खूण करायची राहिली होती, आणि ती चूक माझी होती. ती ओळ मला पाठ होती, गो. पाठ असूनही दिसली नाही.

त्या रात्रीपासून मी एकच सवय धरली आणि तीच तुला देतो: पॅकेट जातं कसं हे सगळे बघतात, तू ते परत कसं येतं ते आधी बघ.

ही सवय घेऊन अभ्यासक्रम उघड, बघ किती गाठी सुटतात. सिक्युरिटी ग्रुपला (एकेका मशीनपुढचा पहारा) आत सोडलेल्याची आठवण असते, म्हणून उत्तर आपोआप बाहेर जातं. नेटवर्क एसीएलला, म्हणजे मशीनांच्या अख्ख्या गटापुढच्या पहाऱ्याला, आठवण नसते. आत ४४३ पोर्ट (सुरक्षित वेबचं दार) उघडलास तरी उत्तर बाहेर जाताना ते पलीकडच्याच्या तात्पुरत्या पोर्टकडे जाणार, म्हणून बाहेरच्या दिशेला १०२४ ते ६५५३५ उघडावे लागतात. पाठ करायची गरज नाही, परतीची वाट काढलीस की आकडा स्वतःहून समोर येतो. पीअरिंगचं, म्हणजे दोन व्हीपीसी थेट जोडण्याचं, तसंच. अ आणि ब जोडलेले, ब आणि क जोडलेले, म्हणून अ ला क कडे जाता येत नाही. माझ्या व्याह्याचा व्याही माझा कोणी लागत नाही, त्याच्या घरच्या लग्नाचं आमंत्रण मला येत नाही, तसं. तिथे ट्रान्झिट गेटवे लागतो, किंवा तिसरं थेट पीअरिंग.

डीएनएसवर (नावावरून पत्ता शोधण्यावर) मात्र थांब, इथे फार जण घसरतात. व्हीपीसीचा स्वतःचा रिझॉल्व्हर (नावाचा पत्ता सांगणारा) पत्त्यांच्या पट्ट्यात दोन क्रमांकावर बसतो, १०.०.०.०/१६ (१०.० नं सुरू होणारे सगळे पत्ते) असेल तर १०.०.०.२. ऑफिसातल्या मशीननं व्हीपीएनवरून (इंटरनेटवरच्या कुलूपबंद जोडणीवरून) थेट त्याला विचारलं तर उत्तर येत नाही. त्यासाठी राउट ५३ (एडब्ल्यूएसची डीएनएस सेवा) रिझॉल्व्हरचा इनबाउंड एंडपॉइंट लागतो. उलट व्हीपीसीतल्या मशीनला ऑफिसातलं नाव हवं असेल तर आउटबाउंड, आणि सोबत कुठल्या नावाचा प्रश्न कुठे पाठवायचा हे सांगणारा रूल. इनबाउंड कुठला, आउटबाउंड कुठला, याचा गोंधळ झाला की मनानं व्हीपीसीच्या ओट्यावर जाऊन बस. प्रश्न दारातून आत येतोय की बाहेर जातोय, एवढंच बघ.

डायरेक्ट कनेक्ट तुला घरी करून बघता येणार नाही, ती ऑफिस आणि एडब्ल्यूएसमधली प्रत्यक्ष फायबरची जोडणी आहे. ते कागदावर, पण जीव लावून कर. प्रायव्हेट, पब्लिक आणि ट्रान्झिट हे तीन व्हर्च्युअल इंटरफेस (त्या एका लाइनवरच्या वेगळ्या वाटा) कशाला कुठे नेतात, हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. प्रायव्हेट इंटरफेसवर आपल्या बाजूनं १०० पेक्षा जास्त राउट पाठवले तर बीजीपी (दोन बाजूंनी एकमेकांना वाटा कळवण्याची पद्धत) सेशनच बंद पडतं, म्हणून राउट एकत्र करून पाठवायचे. लाइन तुटली हे बीजीपीला नुसत्या होल्ड टायमरवर (पलीकडून काहीच आलं नाही तर किती थांबायचं ती मर्यादा) कळायला ९० सेकंद लागू शकतात. बीएफडी (लाइन जिवंत आहे का हे झटपट तपासणारं) लावून ३०० मिलिसेकंद आणि तीनचा गुणक ठेवला तर सेकंदाच्या आत कळतं. "फेलओव्हर लवकर हवा" (म्हणजे राखीव वाटेवर पटकन वळायला हवं) असं प्रश्नात आलं की हा फरक डोळ्यांसमोर यायला हवा.

बाकी सगळं हातानं कर. एडब्ल्यूएसचं मुंबई रीजन (डेटासेंटरचा विभाग) २०१६ पासून आहे, हैदराबाद २०२२ पासून. मुंबईत तुझं क्लाउड धर आणि हैदराबादच्या व्हीपीसीला ऑफिस समज. तिथे एका छोट्या लिनक्स मशीनवर स्ट्राँगस्वान (व्हीपीएनचं सॉफ्टवेअर) आणि एफआरआर (बीजीपीचं) टाकून मुंबईशी साइट-टू-साइट व्हीपीएन बांध. दोन टनेल मिळतात, दोन्ही उभे कर, मग एक मुद्दाम पाड आणि राउट कसा सरकतो ते बघ. एफआरआरमध्ये 'शो आयपी बीजीपी' लिहून निवडलेल्या वाटेपुढची खूण एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेलेली जेव्हा तू स्वतः बघशील, तेव्हा बीजीपी तुझं होईल. पण झोपण्याआधी सगळं पुसून टाक. नॅट गेटवे, ट्रान्झिट गेटवेची अटॅचमेंट, व्हीपीएन, आणि २०२४ पासून तर प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्तासुद्धा तासावर पैसे खातो. पहिल्याच दिवशी बजेट अलर्ट लाव.

बसमध्ये वेर्ण्यापर्यंत जाता-येता जो वेळ मिळतो, त्यात व्हिडिओ बघू नको, हलत्या बसमध्ये नुसते डोळे दुखतात. आदल्या रात्री काढलेलं चित्र डोळे मिटून पुन्हा काढ. पॅकेट निघालं, कुठल्या राउट टेबलनं उचललं, कुठे थांबलं, परत कुठून आलं. जिथे अडशील ते घरी जाऊन वाच.

प्रश्न वाचताना शेवटचं वाक्य आधी वाच. 'लीस्ट ऑपरेशनल ओव्हरहेड' म्हणजे आपल्याला सांभाळावं लागणार नाही असं हवंय. 'मोस्ट कॉस्ट इफेक्टिव्ह' म्हणजे डायरेक्ट कनेक्टआधी व्हीपीएन पुरतो का ते बघायचं. दोन बरोबर वाटणाऱ्या पर्यायांतला एक बहुतेक वेळा याच शब्दांवर पडतो.

तुझ्या ऑफिसात फुटलेले प्रश्न फिरतात म्हणालीस. त्यांना हात लावू नको. पकडलं तर सर्टिफिकेट रद्द होतं हे आहेच, पण मला त्याहून दुसरी काळजी जास्त आहे. उद्या कुणाच्या तरी इस्पितळाचं किंवा कारखान्याचं नेटवर्क तुझ्या हातात येईल, आणि त्या रात्री शेजारी कुणी नसेल. त्या रात्रीसाठी तू शिकते आहेस.

घरून ऑनलाइन देऊ नको, निदान पावसाळ्यात तरी. आपल्याकडे एक फांदी तारेवर पडली की तासन्‌तास वीज जाते. केंद्रावर जाऊन दे, प्रवास पडला तरी चालेल. हवं तर मी सोबत येतो.

पुढच्या रविवारी ये. येण्याआधी एवढं सोडवून आण. एक ऑफिस ट्रान्झिट गेटवेला दोन वाटांनी जोडलेलं आहे, डायरेक्ट कनेक्ट मुख्य आणि व्हीपीएन राखीव. डायरेक्ट कनेक्टवरून ऑफिस १०.२०.०.०/१६ जाहीर करतं. व्हीपीएनवरून कुणीतरी चुकून १०.२०.४.०/२४ जाहीर केलं आहे. दोन्ही लाइन चालू आहेत. ऑफिसातल्या १०.२०.४.१५ या मशीननं डायरेक्ट कनेक्टवरून विनंती पाठवली. उत्तर कुठून येईल, आणि ऑफिसच्या दारातली फायरवॉल त्याचं काय करेल? नुसतं उत्तर नको, दोन्ही दिशांचे बाण काढलेला कागद आण.

तुझा,
काका