आण्णांचे फोटो काढत फिरतीय, हिला आवरायचं कसं?

"माणूस गेल्यावर असं फोटोत गुंतून पडणं बरं का ओ मॅडम?" हा प्रश्न मला समुपदेशक म्हणून सारखा येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी काळजीनं विचारत असतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेतले एक दादा असेच बहिणीला घेऊन आलेले (त्यांना विचारूनच लिहितीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय). वडील, म्हणजे आण्णा, जाऊन सात-आठ महिने झालेले आणि ताई दर रविवारी मोबाईल घेऊन बाहेर पडायच्या, आण्णा जिथं जिथं जायचे तिथले फोटो काढायला, रंकाळ्याचा कट्टा, तालमीतली तांबडी माती, गंगावेशीत म्हशीच्या धारा काढून देतात तो दूधकट्टा. दादांचं म्हणणं, ही यातनं बाहेर कधी पडणार?

ताईंना म्हटलं, दाखवा की फोटो. त्यात संध्याकाळच्या उन्हातलं महाद्वार होतं. आण्णा किरणोत्सवाचे पक्के वारकरी, नोव्हेंबरात 9, 10, 11 आणि मग 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, मावळतीची किरणं अंबाबाईच्या पायांपासून चेहऱ्यापर्यंत चढताना बघायची म्हणून दुपारपासनंच देवळात जाऊन बसायचे, आणि धुक्या-ढगानं किरणं मधेच अडली की घरी येऊन कुणाशी बोलायचे नाहीत. हे सांगताना ताई रडत होत्या आणि हसतही होत्या. मग म्हणाल्या, "भिंतीवरचा हार घातलेला फोटो आण्णांचा वाटतच नाही मला. लग्नाच्या ग्रुप फोटोतनं कापलाय, मागं निळा पडदा नि अंगात फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर चढवलेला कोट. आण्णांनी जन्मात कोट घातला नव्हता."

मला हे अगदी पटतं. गेलेल्या माणसाशी असलेलं नातं तोडल्याशिवाय दुःख संपत नाही असं पूर्वी आमच्या क्षेत्रातही मानायचे, पण 1996 साली क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी ठामपणे मांडलं की नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं आणि त्यात आजारी असं काही नाही. त्यामुळं फोटो किती काढले हे मी बघत नाही, फोटो काढून झाल्यावर माणूस कुठं जातो ते बघते. ताई तालमीत गेल्या तर तिथल्या म्हाताऱ्या वस्तादांनी आण्णांच्या तरुणपणीच्या कुस्त्या सांगितल्या, दूधकट्ट्यावर कुणीतरी पैसेच घेतले नाहीत. हे अडकणं नव्हे ओ, उलट बाहेर पडणं आहे.

अडकणं होतं ते दुसरीकडं. त्याच मोबाईलमध्ये आयसीयूतला एक व्हिडिओ होता, नळ्या लावलेला, आणि तो ताई रात्री दोन-दोन वाजता बघायच्या, मग झोप नाही. दादांना याचा पत्ताच नव्हता. तो व्हिडिओ डिलीट करा असं मी म्हणत नाही, घाईत पुसलेलं नंतर फार सलतं. आम्ही तो पेनड्राईव्हवर घालून दादांच्या कपाटात ठेवायला दिला आणि मोबाईलमधनं काढला.

मग आण्णांच्या वाढदिवसाला, वर्षश्राद्धाची वाट न बघता, सगळ्यांनी एकेक फोटो प्रिंट करून आणायचा नि त्याची गोष्ट सांगायची असं ठरलं. इतके महिने गप्प असलेल्या आई ताईंनी काढलेला रंकाळ्याच्या कट्ट्याचा फोटो बघून म्हणाल्या, "ह्यो कट्टा न्हवं, आमी पलीकडं बसायचो," आणि मग लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाचं पोरांनी कधीच न ऐकलेलं कायकाय सांगत बसल्या. दादा पुढच्या रविवारी बहिणीबरोबर गेले, आईंना घेऊन.

तुम्हाला करायचं असेल तर जुन्या अल्बममधल्या फोटोंचे फोटो खिडकीतल्या उजेडात, फ्लॅश बंद करून काढा, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर बारीक डिटेल जातात, आणि प्रिंटच्या मागं कोण, कुठं, कधी ते पेन्सिलनं हलक्या हातानं लिहा, आता ओळखणारी माणसं आहेत तोवरच. बघवतच नसेल तर अल्बम घरातल्या कुणाकडं तरी देऊन ठेवा, घाई काहीच नाही.

पण सहा महिने-वर्ष उलटूनही रोज तीच तगमग, कामधंदा बंद, माणसं नकोशी असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि जगण्यातच अर्थ नाही असं वाटायला लागलं तर महिने मोजत बसू नका, त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगा आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला 14416 वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.