शाल, श्रीफळ आणि आवक क्रमांक

अगं, तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला होता, उत्तराला दोन दिवस लागले कारण तुला माहितीये माझं, डोक्यात सगळं एकदम येतं आणि मग टाईप करताना एकेक धागा सोडवत बसावं लागतं. तर २ एप्रिलच्या, म्हणजे जागतिक ऑटिझम दिनाच्या कार्यक्रमात तुला "पाच मिनिटं तुझा प्रवास सांग" म्हणालेत आणि तू विचारतेयस की ताई नेमकं काय बोलू, शाळेतलं बोलू की कॉलेजात झालेला त्रास बोलू, आणि मध्येच रडू आलं तर काय करू.

सांगते. पण आधी माझा प्रवास ऐक.

मला अडतिसाव्या वर्षी कळलं की मी ऑटिस्टिक आहे, आणि वर्षभरात अशाच एका २ एप्रिलला मला बोलावणं आलं. हॉलमध्ये बारा ट्यूबलाईट (मी मोजल्या, अर्थातच), त्यातली बरोब्बर स्टेजवरची एक फडफडणारी, आणि माईक दर दोन वाक्यांनी किंचाळायचा. आईलाही माझ्या शेजारी बसवलेलं. माझं बोलून झालं आणि सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी लगेच माईक आईकडे सरकवून विचारलं, "ही स्वतःचं स्वतः करते का हो?" मी तिथेच बसलेय! त्याच आठवड्यात आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची मेडिक्लेमची अख्खी फाईल मी भरलेली, पतपेढीत रोज लोकांचे हिशेब मी जुळवते, आणि प्रश्न आईला. आई बिचारी गोंधळली, म्हणाली, "करते की, माझंही तीच करते." लोक हसले, मग कुणीतरी डोळे पुसले, मग शाल आणि श्रीफळ. शाल सिंथेटिक होती, मानेला अशी टोचत होती की फोटो होईपर्यंत मी दात आवळून बसले, आणि फोटो बघून सगळे म्हणाले किती भारावून गेली होतीस.

दुसऱ्या दिवशी तो नारळ खवताना डोक्यात आलं की आपण तिथे मागितलं काय? काहीच नाही. समोर पहिल्या रांगेत नगरसेवक होते, एका कॉलेजचे प्राचार्य होते, दोन अधिकारी होते, आणि मी त्यांना माझ्या बालपणातले हुंदके देऊन घरी पाठवलं. त्यांना बरं वाटलं. मला नारळ मिळाला.

म्हणून म्हणते, गोष्ट सांगायचीय तर सांग, पण तिच्या शेपटाला एक मागणी बांध, आणि मागणी अशी की जिच्यावर समोरच्या एखाद्या माणसाला सही करावी लागेल. "समाजात जागरूकता यायला हवी" ह्याला कुणीही टाळ्या वाजवतं, फुकट आहे ते. "आमच्या कॉलेजात तोंडी परीक्षेचे प्रश्न लेखी द्या आणि तसं परिपत्रक जूनच्या आत काढा" म्हटलं की बघ चेहरे कसे बदलतात.

आणि हे तू उपकार म्हणून मागत नाहीयेस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात रीझनेबल अकोमोडेशन आहे, म्हणजे समोरच्यावर अवाजवी भार न पडता जो बदल करता येईल तो करून देणं, आणि तो नाकारणं हाच भेदभाव, असं व्याख्येतच लिहिलंय. तू मागे म्हणालीस ना की माझं ४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट नाही मग मी कुठल्या तोंडाने मागू? तर ४० टक्के लागतात ते आरक्षण वगैरे गोष्टींना. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी ह्या केसमध्ये हेच स्पष्ट केलं, त्या मुलाला लिहिताना हात आखडायचा आणि परीक्षेला लेखनिक हवा होता, कोर्ट म्हणालं ४० टक्क्यांची अट घालून अशी सोय नाकारता येणार नाही. ह्या निकालाची प्रिंट काढून बॅगेत ठेव. मी ठेवते. कागद पुढे केला की समोरचा माणूस "बसा" म्हणतो, हा माझा अनुभव आहे.

सर्टिफिकेट काढायला गेलीस तर मात्र मन घट्ट करून जा, कारण त्यासाठी जी मोजपट्टी वापरतात, आयएसएए म्हणतात तिला, तिच्यात ४० मुद्दे आहेत आणि त्यातले बरेचसे लहान मुलांना डोळ्यासमोर ठेवून लिहिल्यासारखे आहेत. मला, चाळिशीला टेकलेल्या बाईला, विचारलं की एकटीच तोच तोच खेळ खेळत बसता का. मी म्हटलं हो, टॅली. डॉक्टर हसले नाहीत. मग म्हणाले, "पण तुम्ही तर चांगलं बोलताय." हे वाक्य तुला आयुष्यभर पुरणार आहे, सवय करून घे. त्या बोलण्यानंतर दोन दिवस मी अंधारात पडून असते ते त्यांना कुठून दिसणार.

बरं, सुरुवातीला मलाही वाटायचं की आपलं सगळं वेगळं, आपण व्हीलचेअरवाल्यांच्या किंवा अंधांच्या संघटनांत जाऊन काय करणार. चूक होती. डिसेंबर १९९५ मध्ये अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे जावेद अबिदी आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी दिल्लीत मोर्चा काढला आणि त्याच महिन्यात संसदेत पहिला अपंग व्यक्ती कायदा मंजूर झाला, पण त्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं आणि त्या सातांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आपलं नाव आलं, आणि हक्कांच्या मुख्य कायद्यात यायला २०१६ उजाडलं, तेव्हा सातांचे एकवीस झाले. २०११ च्या जनगणनेतसुद्धा अपंगत्वाचे आठ रकाने होते, आपला वेगळा रकाना नाही, म्हणजे आपण एकतर "इतर" नाहीतर कुठेच नाही. त्या काळात आपल्या वतीने आई-वडील बोलत होते आणि त्यांचे उपकार आहेतच, पण स्वतः ऑटिस्टिक मोठी माणसं त्या खोल्यांमध्ये फारशी कुणाला दिसलीच नाहीत.

अमेरिका-कॅनडाकडे हेच थोडं आधी झालं. १९९३ मध्ये कॅनडात टोरोंटोला ऑटिझमची परिषद भरलेली, तिथे जिम सिंक्लेर नावाच्या ऑटिस्टिक व्यक्तीने पालकांना तोंडावर सांगितलं की तुमचं दुःख तुम्ही मनात धरलेल्या मुलासाठी आहे, समोर उभ्या असलेल्या मुलापाशी ते घेऊन येऊ नका. पण त्याहून मला आवडतं ते २००७ चं प्रकरण. न्यूयॉर्कमध्ये एका विद्यापीठाच्या बालमानसोपचार केंद्राने जाहिराती काढल्या, खंडणीच्या चिठ्ठीसारख्या, "तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे" छापाच्या, आणि खाली सही कुणाची, तर ऑटिझमची! तेव्हा ऑटिस्टिक सेल्फ अ‍ॅडव्होकसी नेटवर्क ही ऑटिस्टिक लोकांनी स्वतः चालवलेली संघटना जेमतेम वर्षाची, पोरंच होती, तिचा एक संस्थापक अरी नेमन तर कॉलेजच्या वयाचा. त्यांनी मागणी एकच ठेवली, जाहिराती काढा. इतर अपंगत्वांच्या संघटनांच्या सह्या गोळा केल्या, पत्रं आणि फोन लावून धरले, आणि डिसेंबरात लागलेल्या जाहिराती डिसेंबरातच उतरल्या. कुणी स्वतःचा प्रवास सांगत बसलं नाही.

इथलं छोटंसं उदाहरण देते. आमच्या प्रभाग कार्यालयात दिव्यांग निधीची बैठक होती. मी आधी लेखी कळवलेलं की विषयपत्रिका दोन दिवस आधी द्या, मला उत्तरं लिहून देऊ द्या आणि माझ्या बाजूच्या ट्यूबलाईट बंद ठेवा. पहिल्या दोन मागण्या मान्य झाल्या. तिसऱ्यावर तिथला क्लार्क हसायला लागला, "मॅडम, अंधारात मीटिंग घ्यायची का?" माझी जीभ टाळ्याला चिकटली, नेहमीसारखी. तर आमच्यातले एक अंध काका शांतपणे म्हणाले, "मला तर बाबा काही फरक पडत नाही, बंद करा." सगळी खोली हसली, क्लार्कही हसला आणि उठून बटण बंद केलं. खिडकीतून पुरेसा उजेड होता. पुढच्या बैठकीला रॅम्पच्या अर्जावर काकांच्या खाली माझी सही होती आणि काकांना त्या रॅम्पचा काही उपयोग नव्हता, मलाही नव्हता.

निधीवरून आठवलं. आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. तुझ्याकडे किती खर्च झाला आणि कशावर, हे माहितीच्या अधिकारात विचार, साधा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर. मी विचारलं तेव्हा यादी आली, तीनचाकी सायकली, शिलाई मशीन, श्रवणयंत्रं. ऑटिझमसमोर काहीच नाही. मी चिडून फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "तुमच्यापैकी कुणी मागितलंच नाही ना कधी." खरं होतं गं. राग आला पण खरं होतं.

आणि अर्ज कुठेही दे, शेवटच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. "ठेवून जा, साहेबांना देतो" म्हणतात, तिथे उभं राहायचं. गर्दीत उभं राहणं आपल्याला किती जड जातं मला माहितीये, म्हणून मी सकाळी कार्यालय उघडतं त्या वेळेला जाते, कानात प्लग घालून, आणि एका कार्डावर लिहूनच नेते, "मला पोच हवी आहे." कार्ड दाखवायचं, बोलायचं नाही. आवक क्रमांक असला की पुढे पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करताना हातात काहीतरी असतं, नाहीतर "आमच्याकडे अर्जच आला नाही" हे ठरलेलं.

सगळंच जमतं असं नाही हं. गणपतीतल्या डीजेवर मी तीन वर्षं अर्ज देतेय. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, सगळं जोडलं. तीन आवक क्रमांक आहेत माझ्याकडे आणि विसर्जनाच्या दिवशी मी अजूनही मावशीकडे गावाला पळते. सोसायटीतले म्हणतात देवाच्या कामात अपशकुन करते. मी आरतीला असते, टाळ्या वाजवते, मोदक वळते, माझं भांडण बाप्पाशी नाहीये. चौथा अर्ज ह्या वेळी आम्ही दम्याच्या पेशंटचे नातेवाईक, तान्ह्या बाळांच्या आया आणि ज्येष्ठ नागरिक संघ असा एकत्र देतोय, बघू.

अजून एक, आणि हे जरा नीट वाच. तू आणि मी बोलू शकतो, लिहू शकतो, म्हणून स्टेजवर आपल्याला बोलावतात. आपल्यातले कितीतरी जण तोंडाने बोलत नाहीत, टॅबलेटवर बोट ठेवून बोलतात किंवा तेही साधन हातात आलेलं नसतं, आणि "ह्या दोघी बघा कशा छान, म्हणजे बाकीच्यांनी प्रयत्न केले नाहीत" असं आपल्याला त्यांच्याविरुद्ध वापरलं जातं. तू "मी माइल्ड आहे" म्हणून सुटका करून घेऊ नकोस. कार्यक्रमात टॅबलेटवर बोलणारं कुणी आहे का ते आयोजकांना विचार, आणि असेल तर त्यांना पाच नाही, पंधरा मिनिटं द्यायला सांग, एकेक शब्द यायला वेळ लागतो.

घरचंही सांगते. अठरा झाल्यावर तुझ्या बाबांना कुणीतरी सांगेल की कलेक्टरच्या समितीकडून तिचं कायदेशीर पालकत्व घेऊन टाका, बँकेची कामं सोपी होतात. कुणाकुणाला त्याची गरज असते, नाही म्हणत नाही. पण २०१६ च्या कायद्यात तुझी कायदेशीर क्षमता इतरांइतकीच धरलीय, बँक खातं, मालमत्ता, सगळं, तेव्हा सोय म्हणून सही करायच्या आधी तुझ्या समोर चर्चा होऊ दे. बाबांशी भांडू नकोस, ते घाबरलेत. आमच्यानंतर हिचं काय, हा प्रश्न त्यांना रात्री झोपू देत नाही, माझ्या आईलाही देत नव्हता.

शब्दांवरून फार भांडत बसू नकोस. अर्जावर "दिव्यांग" लिही कारण रकाना तोच आहे. मला स्वतःला "स्वमग्न" हा शब्द अजिबात पटत नाही, मी कुठली स्वतःत मग्न, मला तर तीन घरं पलीकडचा मिक्सर ऐकू येतो! पण एखादी आजी प्रेमाने स्वमग्न म्हणाली तर मी सोडून देते. ताकद मोजकीच असते, ती अर्जाला ठेवायची.

रडू आलं तर रड, थांब, पाणी पी. बोलणं बंद पडलं तर मागणीचा कागद आधीच टाईप करून दोन प्रती काढलेल्या असू देत, एक आयोजकांना, एक समोर बसलेल्या प्राचार्यांना, आणि त्यांच्याकडून तिथेच "मिळाले" म्हणून सही घे. शाल देतील तेव्हा हातात घे, खांद्यावर घालू देऊ नकोस, आधी सांगून ठेवलंस तर ऐकतात.

कागदाचा कच्चा ड्राफ्ट रविवारपर्यंत पाठव, एका पानाच्या वर नको. आणि हॉलचं लोकेशन टाक, मी आदल्या दिवशी ऑफिसातून येताना ट्यूबलाईट आणि माईक बघून येते, फडफडणारी असेल तर वॉचमनला सांगून बदलून घेऊ.