वाचकांचे प्रश्न : संगणकावरच्या अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये संघ चालवताना

अमेरिकन फुटबॉलच्या ऑनलाइन सिम्युलेशन लीगविषयी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील वाचकांची बरीच पत्रे आमच्याकडे साठली होती. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : व्हर्जिनियात राहणारा माझा भाचा अशा एका लीगमध्ये आहे. तेथील एक संघ मालकाविना पडला असून "मामा, तुम्हीच घ्या" असा त्याने धोशा लावला आहे. मी बँकेतून निवृत्त झालो आहे आणि क्रिकेटखेरीज कोणताही खेळ मन लावून पाहिलेला नाही. यात बोटांची चपळाई लागते काय? खेळ कळत नसताना संघ घ्यावा काय? (मालवण)

बोटांची चपळाई मुळीच लागत नाही. हातात कंट्रोलर घेऊन पडद्यावरचे खेळाडू पळवण्याचा हा प्रकार नव्हे. येथे तुम्ही मैदानात उतरत नाही, तर संघाच्या कचेरीत बसता. कोणाशी करार करायचा, कोणाला सोडायचे, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या पाळीपाळीने होणाऱ्या निवडीत, कोणाला उचलायचे, प्रत्येक जागेवर पहिला कोण आणि तो जखमी झाल्यास दुसरा कोण, पळून चेंडू नेण्यावर भर द्यायचा की फेकण्यावर, हे सगळे ठरवून त्याची फाइल ठरलेल्या मुदतीत पाठवायची, एवढे तुमचे काम. मुदत संपली की कमिशनर, म्हणजे लीग चालवणारा, सर्वांच्या फायली एकत्र करून प्रोग्राम चालवतो आणि खेळाडूंच्या गुणांकांवरून तो प्रोग्राम एकेक चाल हिशेबाने खेळवून निकाल देतो. यालाच सिम्युलेशन म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. स्ट्रॅट-ओ-मॅटिक या कंपनीचा पत्ते आणि फाशांवर चालणारा फुटबॉलचा खेळ १९६८ साली आला होता आणि संगणकावर 'फ्रंट ऑफिस फुटबॉल' १९९८ साली आला. काही लीगमध्ये संघाऐवजी प्रत्येकाने एकच काल्पनिक खेळाडू घडवायचा असतो, परंतु तुमच्या भाच्याने देऊ केलेला संघ पाहता तो प्रकार येथे बाजूला ठेवू.

खेळाचे जुजबी ज्ञान एका संध्याकाळी होते. मैदान १०० यार्ड लांबीचे, दोन्ही टोकांना प्रत्येकी १० यार्डांचा एंड झोन आणि प्रत्येक बाजूचे ११ खेळाडू. ज्याच्याकडे चेंडू असतो त्या संघाने चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकायचे. तेवढे जमले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न जमल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. म्हणूनच चौथ्या प्रयत्नाची वेळ आली की बहुतेक संघ चेंडू लाथेने दूर धाडतात किंवा गोलखांब जवळ असल्यास चेंडू लाथेने त्यांच्यामधून धाडून फील्ड गोलचे ३ गुण पदरात पाडून घेतात. चेंडू प्रतिपक्षाच्या एंड झोनमध्ये नेला की टचडाउन. त्याचे गुण ६, आणि त्यानंतरच्या लाथेचा १. एवढे कळले की सामन्याचा वृत्तांत वाचता येतो. बाकीचे पहिल्या मोसमात आपोआप अंगवळणी पडते.

मात्र संघ घेण्यापूर्वी खेळाची पुस्तके धुंडाळण्यापेक्षा ती लीग कशी चालते याची चौकशी करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ठरलेल्या दिवशी सिम्युलेशन होते की कमिशनरच्या सवडीने, गेल्या मोसमात किती मालक अर्ध्यावर सोडून गेले, फाइल न आल्यास संघ संगणकाच्या हवाली होतो की जुनीच फाइल वापरली जाते, हे भाच्याला विचारा. ३२ संघांच्या लीगमध्ये चार-पाच मालक झोपलेले असतील तर त्यांच्याशी पडणारे सामने फुकटचे ठरतात, खेळाडूंचे सौदे थांबतात आणि जागे असलेल्यांचाही रस ओसरतो. उलट, लीग वक्तशीर असेल तर नवख्याला सांभाळून घेणारे लोक तेथे हमखास भेटतात. हाताला सवय व्हावी म्हणून 'फुटबॉल जीएम' हा ब्राउझरमध्ये चालणारा विनामूल्य खेळ आठवडाभर एकट्याने खेळून पाहावा. राहिला तुमच्या पात्रतेचा प्रश्न. ज्याने आयुष्यभर खतावण्या जुळवल्या त्याला या खेळाचा अर्धा भाग आधीच येतो. तो कसा, हे पुढील एका उत्तरात दिसेल.

प्रश्न : आमच्या लीगचे सिम्युलेशन बुधवारी रात्री नऊ वाजता, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेप्रमाणे होते. मार्च ते मे आंब्याच्या पेट्या भरण्यात मान वर करायला फुरसत नसते आणि पावसाळ्यात वाऱ्याने तारा तुटल्या की दिवसदिवस वीज नसते. अशा स्थितीत लीगमध्ये राहणे शहाणपणाचे आहे काय? (देवगड)

घड्याळाची गोष्ट आधी. तुमचे सिम्युलेशन आपल्याकडे गुरुवारी सकाळी पडते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. त्यामुळे उन्हाळी वेळ चालू असताना ते आपल्या सकाळी साडेसहाला होते आणि एरवी साडेसातला. सकाळी उठून फाइल पाठवणारे मालक मार्चमध्ये नेमके याच कारणाने मुदत चुकवतात. आपले घड्याळ बदलत नसल्याने हा बदल त्यांच्या ध्यानी येत नाही. बुधवारी दिवेलागणीपूर्वी फाइल पाठवायची सवय लावली तर हा प्रश्नच उरत नाही आणि विजेचाही निम्मा प्रश्न सुटतो.

पावसाळ्यासाठी एक तजवीज करता येते. मागील सिम्युलेशनचा निकाल हाती येताच, काहीही फेरबदल करायचे नसले तरी, जखमी खेळाडूंच्या जागा भरून एक फाइल लगेच पाठवून द्यावी. पुढे विचार करून सुधारलेली फाइल पाठवता आली तर ती पहिलीची जागा घेते आणि वीज गेलीच तरी संघ निदान धडधाकट खेळाडूंनिशी उतरतो.

आंब्याच्या मोसमाविषयी मात्र आधी लीगचे वेळापत्रक पाहावे लागेल. खऱ्या एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीगचा, मोसम सप्टेंबरात सुरू होतो, २०२१ पासून प्रत्येक संघ १८ आठवड्यांत १७ सामने खेळतो आणि ड्राफ्ट एप्रिलच्या अखेरीस होतो. सिम्युलेशन लीगला हे वेळापत्रक बांधील नसते. आठवड्यात तीन वेळा सिम्युलेशन करणारी लीग १८ आठवडे दीड महिन्यात उरकते. तुमची लीग आठवड्यातून एकदाच चालते, म्हणजे ती संथ आहे आणि ही गोष्ट तुमच्या सोयीची आहे. नियमित सामन्यांच्या काळात आठवड्याला अर्धा तास पुरतो. खरी धावपळ असते ती करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंच्या लिलावाची आणि ड्राफ्टची, कारण तेव्हा रोज निर्णय घ्यावे लागतात. तो काळ एप्रिल-मेमध्ये येत असेल तर दुसरी लीग शोधावी. तो जूननंतर येत असेल तर राहायला काहीच हरकत नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. मला मिळालेल्या संघाची सॅलरी कॅप जवळजवळ संपलेली आहे. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) ३४ वर्षांचा असून त्याच्या कराराची तीन वर्षे उरली आहेत. त्याला काढून टाकून पैसे मोकळे करावेत असे वाटते, परंतु प्रोग्राम सांगतो की त्यातून जवळजवळ काहीच वाचणार नाही. असे कसे? आणि दोन मालक त्याला घ्यायला टपून बसले आहेत, हे काय गौडबंगाल आहे? (रत्नागिरी)

तुमच्या प्रश्नात या खेळाचे मर्म आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

एनएफएलमध्ये सॅलरी कॅप, म्हणजे खेळाडूंवरच्या खर्चाची कमाल मर्यादा, १९९४ साली आली. तेव्हा ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ साली ती २७ कोटी ९२ लाखांवर गेली. बहुतेक सिम्युलेशन लीग हाच नियम कमीअधिक फरकाने पाळतात. खेळाडूच्या करारात सामान्यतः दोन रकमा असतात. एक त्या त्या वर्षाचा पगार, आणि दुसरी सही करतानाच हातात पडणारी बोनसची रक्कम. आपल्याकडे मोसमाच्या आरंभी नौकेचा मालक खलाशांना उचल देतो, तशीच ही रक्कम आधी दिली जाते. मात्र उचल पुढे हिश्शातून वळती होते, हा बोनस वळता होत नाही. तो गेला तो गेलाच. तरीही कॅपच्या हिशेबात तो एकदम न धरता कराराच्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच वर्षांवर, सारखा वाटून धरतात. नवशिके मालक फसतात ते येथेच, कारण करार करताना पहिल्या वर्षाचा आकडा फार गोंडस दिसतो.

उदाहरण घेऊ. पाच वर्षांचा करार, वार्षिक पगार १ कोटी डॉलर आणि सहीचा बोनस २ कोटी. बोनसचे दर वर्षी ४० लाख, म्हणजे हा खेळाडू कॅपला दर वर्षी १ कोटी ४० लाखांना पडतो. दोन वर्षे उलटली आणि तुम्ही त्याला सोडले, तर पगार वाचतो, परंतु बोनसचे उरलेले तीन हप्ते, म्हणजे १ कोटी २० लाख, त्याच वर्षी एकरकमी अंगावर येतात. ठेवला तर १ कोटी ४० लाख आणि काढला तर १ कोटी २० लाख. वाचले केवळ २० लाख, आणि त्यात दुसरा क्वार्टरबॅक मिळायचा नाही. हाच निर्णय वर्षभर पुढे ढकलला तर ६० लाख वाचतात आणि शेवटच्या वर्षी १ कोटी. तुमच्या प्रोग्रामने सांगितले ते बरोबरच आहे. १ जूननंतर सोडलेल्या खेळाडूचा चालू वर्षापुरताच हप्ता त्या वर्षी धरायचा आणि बाकीचा भार पुढच्या वर्षावर टाकायचा, ही खऱ्या एनएफएलमधील सवलत काही लीगमध्येही असते. ती तुमच्याकडे आहे का, हे नियमावलीत पाहा. त्याने भार पुढे सरकतो, कमी होत नाही.

आता टपून बसलेल्या मालकांविषयी. खेळाडू दुसऱ्या संघाला दिला तरी बोनसचे उरलेले हप्ते देणाऱ्याच्याच माथी राहतात. घेणाऱ्याने फक्त पगार भरायचा. म्हणजे तुम्हाला १ कोटी ४० लाखांना पडणारा क्वार्टरबॅक त्यांना १ कोटीत मिळतो. हे गौडबंगाल नसून साधा व्यवहार आहे आणि तो तुमच्याही फायद्याचा करता येतो, कारण काढून टाकला तर हाती काहीच लागत नाही, दिला तर ड्राफ्टमधील निवड तरी मिळते. ड्राफ्टच्या सात फेऱ्या असतात आणि शेवटच्या क्रमांकाचा संघ प्रत्येक फेरीत आधी निवडतो. म्हणून दोघांपैकी ज्याचा संघ दुबळा असेल त्याची पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीची निवड मागावी. दोघे मागत आहेत हे दोघांनाही कळू द्यावे.

आमचा सल्ला विचाराल तर यंदा त्याला ठेवा. कॅप संपलेला संघ पहिल्या वर्षी सुधारत नसतो. त्याच्या मागे एखादा तरुण क्वार्टरबॅक ड्राफ्टमधून आणून बसवा, नवे मोठे बोनस देऊ नका आणि पुढल्या वर्षी सौदा करा. तोवर तो ३५ वर्षांचा होईल आणि त्याचे मोल थोडे उतरेल हे खरे, पण क्वार्टरबॅकची जागा इतर जागांपेक्षा वय जास्त सोसते. हाच प्रश्न चेंडू घेऊन पळणाऱ्या ३० वर्षांच्या रनिंग बॅकविषयी असता तर आजच विका, असे म्हटले असते.

प्रश्न : माझा मुलगा "माझा संघ", "माझे खेळाडू", "कोट्यवधी डॉलर" अशा गोष्टी बोलत असतो. हा जुगार तर नव्हे ना? (चिपळूण, एक आई)

ते डॉलर केवळ हिशेबाचे आहेत, त्यांचा त्याच्या खिशाशी संबंध नाही. तरीही खात्री करून घेणे योग्यच आहे. २०२५ साली केंद्राने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळण्याचे सर्व ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले. ज्यात पैज नाही आणि पैसे जिंकण्याची आशा नाही, असे करमणुकीचे खेळ त्या बंदीत येत नाहीत. तेव्हा त्याला दोनच गोष्टी विचारा : भाग घेण्यासाठी किंवा पैज म्हणून काही रक्कम भरतोस काय, आणि जिंकल्यास काही रक्कम मिळते काय. दोन्हीचे उत्तर नाही असेल तर निश्चिंत राहा. प्रोग्राम विकत घेण्यासाठी एकदा दिलेली किंमत हा वेगळा विषय, तो पुस्तकाच्या खरेदीसारखाच समजावा. रात्री जागरण होत असेल तर मात्र जरूर हटकावे, कारण फाइल संध्याकाळीही पाठवता येते.

प्रश्न : आम्ही ४१० यार्ड काढले, प्रतिपक्षाने २६०. तरी १७-१६ असे हरलो. प्रोग्राम लबाडी करतो काय? (वेंगुर्ले)

नाही. यार्डांना गुण नसतात. चेंडू किती वेळा गमावला आणि एंड झोनच्या जवळ जाऊन टचडाउनऐवजी किती वेळा फील्ड गोलवर समाधान मानले, ते वृत्तांतात पाहा. १६ हा आकडाच बोलका आहे : त्यात बहुधा एक टचडाउन आणि तीन फील्ड गोल असतील. शिवाय प्रोग्राममध्ये दैवाचा अंश मुद्दाम ठेवलेला असतो, नाहीतर बलवान संघ कधी हरलाच नसता. एका गुणाच्या हारजितीवरून संघ मोडू नये. मोसमभरात केलेले आणि दिलेले गुण यांची वजाबाकी संघाची खरी ताकद अधिक चांगली दाखवते.

प्रश्न : फेब्रुवारीत माझी बारावीची परीक्षा आहे आणि लीगचा मोसम तेव्हा अर्ध्यावर असेल. न कळवता थांबलो तर चालेल काय? (गुहागर)

परीक्षेसाठी थांबा, परंतु न कळवता थांबू नका. कमिशनरला आजच लिहा की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत फाइल येणार नाही. बहुतेक लीगमध्ये अशा वेळी हंगामी मालक नेमतात किंवा तुमच्या विश्वासातील दुसऱ्या मालकाकडे फक्त खेळाडूंचा क्रम लावण्याचे काम देतात. सौदे आणि करार करण्याची मुभा त्याला देऊ नये, हे लिहूनच ठेवावे. परत यायचे नसेल तर तसेही स्पष्ट कळवा. संघ नव्या माणसाला देताना कोणाचा करार कधी संपतो, कोणाच्या बोनसचे किती हप्ते उरले आणि कोणत्या मालकाशी कोणती बोलणी अर्धवट आहेत, हे अर्ध्या पानात लिहून द्यावे. सोडून जाण्याच्या आठवड्यात मात्र कोणताही मोठा सौदा करू नये. तो कितीही सरळ असला तरी मागे राहिलेले त्याच्याकडे संशयानेच पाहतात आणि कमिशनर तो बहुधा रद्द करतो.