काकांच्या २००एलएक्समधून फायली काढायच्यात? आधी एक अक्षर पाठव

तुझी अडचण मला कळली ती अशी. काका एचपी २००एलएक्स या खिशात मावणाऱ्या जुन्या संगणकावर (पामटॉपवर) अजून उसाच्या टनेजचा हिशोब ठेवतात. त्यांच्या कपाटात जुनी सीरियल केबल सापडली, तू यूएसबी कन्व्हर्टर आणलास, लॅपटॉपवर टेरा टर्म हा सीरियल पोर्टवर बोलणारा प्रोग्रॅम टाकलास. पण एक्समोडेम या फाईल पाठवायच्या जुन्या पद्धतीनं फाईल घ्यायला गेलं की खिडकीत शून्य ते शून्यच, आणि थोड्या वेळानं एरर.

भावा, तू थेट शेवटच्या पायरीवर उडी मारलीस. फाईल राहू दे. आधी इकडचं एक अक्षर तिकडं उमटतंय का ते बघ. माझे पहिले दोन रविवार याच घाईत गेले होते.

त्याआधी सेलचं. या मशीनची सी ड्राइव्ह म्हणजे रॅम. मोठे दोन डबल-ए सेल आणि आतला सीआर२०३२ बटण सेल, दोन्ही एकदम काढलेस की काकांचा सगळा हिशोब गेला, परत येत नाही. मी एकदा पावसाळ्यात ओल आली म्हणून पुसायला दोन्ही काढले आणि तीन महिन्यांच्या नोंदींना मुकलो. तेव्हा एका वेळी एकच. डबल-ए नवे अल्कलाइन घाल, कारण सीरियल पोर्ट उघडं असलं की सेल भराभर उतरतात.

आता वायर. कन्व्हर्टर केबलला न जोडता नुसता लॅपटॉपला लाव. त्याच्या नऊ पिनांच्या तोंडात २ आणि ३ नंबरच्या पिना पेपरक्लिपनं जोडून धर. टेरा टर्ममध्ये तो पोर्ट उघड, ९६०० बॉड (म्हणजे वेग), ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल नाही, आणि काहीतरी टाईप कर. लोकल एको (टाईप केलेलं प्रोग्रॅमनं स्वतःच दाखवणं) बंद असताना टाईप केलेलं स्क्रीनवर उमटलं तर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर ठीक. क्लिप काढल्यावर उमटायचं थांबलं पाहिजे, तेही बघ. क्लिप असूनही उमटत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा. प्रोलिफिकच्या जुन्या किंवा नकली चिपना नवे ड्रायव्हर सरळ नाकारतात आणि तिथं पिवळा त्रिकोण दिसतो. मग पामटॉपवर कितीही खटपट केलीस तरी उपयोग नाही, कन्व्हर्टर बदल.

हे जमलं की केबल लाव. पामटॉपच्या बाजूचं तोंड दहा पिनांचं आणि नाजूक आहे, वायर धरून ओढू नको. पीसीसाठी आलेल्या एचपीच्या केबलमध्ये तारा आधीच उलटसुलट केलेल्या असतात. मला एका दुकानदारानं ‘ह्याला नल मोडेम लागतंय’ म्हणून तारा उलटवणारा एक जोड विकला होता. उलट्याचं उलट केलं की पुन्हा सुलट होतं, आणि दोन्ही मशीनं एकमेकांच्या तोंडासमोर तोंड धरून बोलत बसली, कान कुणाचाच नाही.

२००एलएक्सवर डेटाकॉम हा त्यातलाच संपर्काचा प्रोग्रॅम उघड, सेटिंगमध्ये कॉम१ निवड (इन्फ्रारेड नव्हे), बाकी आकडे लॅपटॉपवर ठेवलेत तेच, आणि कनेक्ट कर. लॅपटॉपवर ‘काका’ टाईप कर, रोमनमध्येच, कारण त्या मशीनला देवनागरी माहीत नाही. अक्षरं तिकडं दिसली पाहिजेत, मग तिकडून इकडं. कचरा दिसला तर बॉड जुळत नाही. एकाच बाजूनं जात असेल तर तार तुटलीय. काहीच नाही तर पोर्ट चुकीचा.

आता तुझं ‘काहीच होत नाही’. एक्समोडेम वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ साली लिहिला, आणि त्यात सुरुवात पाठवणारा नाही, घेणारा करतो. घेणारा ‘मी तयार आहे’ असा इशारा पुन्हा पुन्हा देतो, तो ऐकला की मगच पहिला १२८ बाइटचा ठोकळा निघतो. टेरा टर्ममध्ये सीआरसी (चूक तपासायची पद्धत) निवडून रिसीव्ह चालू कर आणि २००एलएक्सवर नुसतं टर्मिनल उघडं ठेव. त्या करड्या स्क्रीनवर इंग्रजी सी, सी, सी अशी अक्षरं एकामागून एक पडायला लागतील. ती दिसली की समज, मागणी पोचतेय. मग डेटाकॉममधून एक्समोडेमनं फाईल पाठव. उशीर झाला आणि टेरा टर्मनं नाद सोडला तर रिसीव्ह परत चालू कर. ‘बायनरी’वर टिक हवी. एक्सऑन-एक्सऑफ फ्लो कंट्रोल चुकूनही नको, कारण फाईलमधलेच काही बाइट ‘थांब’ आणि ‘चल’ असे वाचले जातात आणि गाडी मध्येच अडते.

९६०० ला सेकंदाला ९६० बाइट जातात. चाळीस केबीची शीट मिनिटभरात येईल. प्रोसेसर आठ मेगाहर्ट्झच्या आतबाहेरचा, १९९४ चं मशीन आहे, त्याला घाई लावू नको.

एक गंमत सांगतो. एक्समोडेम फाईलचं नाव पाठवत नाही, तारीख नाही, लांबीही नाही. १००० बाइटची फाईल आठ ठोकळ्यांत जाते, म्हणजे १०२४. उरलेल्या २४ जागा कंट्रोल-झेडनं भरल्या जातात. मेमो नोटपॅडमध्ये उघडलास की शेवटी विचित्र खुणांची रांग दिसेल. ते व्हायरस नव्हे, खोडून टाक.

फायली बऱ्याच असतील तर कर्मिट हा दुसरा मार्ग घे. १९८१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात तयार झालेला, नाव चक्क मपेट्समधल्या हिरव्या बेडकाचं. साध्या कर्मिटची पाकिटं शंभर बाइटच्याही आतली, म्हणून वेळ जास्त लागतो, पण फाईलचं नाव सोबत येतं आणि लांबी जशीच्या तशी राहते. तिथंही बायनरीच. मी स्वतः हिशोबाच्या शीटला कर्मिटच वापरतो.

कुणी म्हणेल कार्ड घाल की. बरोबर आहे, अडॅप्टरमध्ये लहान कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्ड बसवून फॅट१६ या डिस्क-मांडणीत फायली उतरवणं सोपं पडतं. पण तुझ्याकडं केबल आहे, कार्ड नाही.

पाठवण्याआधी पामटॉपवरचे बाकी प्रोग्रॅम बंद कर. अपॉइंटमेंट उघडं असेल तर त्याची फाईल अडकून बसते. लोटस १-२-३ च्या डब्ल्यूके१ शीट लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. एक उघडून काकांच्या शेजारी बसून चार ओळींची बेरीज पडताळ, तोवर मूळ फाईल पुसू नको.

आणि मशीन परत देताना डेटाकॉममधून बाहेर पड. पोर्ट रात्रभर चालू राहिलं तर सेल उतरतील, आणि सकाळी काका कारखान्याच्या काट्यावर उभे असताना स्क्रीन चालू झाली नाही तर शिव्या तुलाच खायच्यात.